परसदारची बारमाही वस्ती

घर बांधताना माणूस दिवाणखान्याचा विचार आधी करतो, माजघराचा आणि देवघराचा त्यानंतर, आणि परसाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी. धुण्याचा दगड, सरपणाचा ढीग, मोडकी बादली, सांडपाण्यावर वाढलेली केळ आणि अळू असा संसाराचा मागचा पसारा ज्या जागेत सामावतो, ती जागा म्हणजे परस. आलेल्या पाहुण्याला ती कोणी कौतुकाने दाखवीत नाही. घराची डागडुजी निघाली की पहिली कुऱ्हाड याच जागेवर पडते. ‘मागे नुसता चिखल होतो, एकदाची फरशी घालून टाकू,’ असे घरातील कोणीतरी म्हणते, इतरांना ते पटते आणि आठ-दहा दिवसांत तेथे एक स्वच्छ, कोरडे, उन्हात तापणारे अंगण तयार होते.

यात मुद्दाम कोणी वाईट केले असे नव्हे. घसरून पडण्याची भीती वाटणाऱ्या वृद्ध माणसांची सोय पाहिलीच पाहिजे. परंतु जी जागा रिकामी समजून बुजविली जाते, ती खरोखर रिकामी असते काय, हा प्रश्न त्यापूर्वी एकदा विचारावयास हवा. या प्रश्नाचे उत्तर एका दिवसात मिळत नाही, कारण परसातील वस्ती एका वेळी सगळी दिसत नाही. काही मंडळी चैत्रात येतात, काही मृगात, काही दिवाळीच्या सुमारास. काही तर रात्रीच हिंडतात. म्हणून परसाची खरी ओळख व्हावयाची, तर त्याच्याकडे वर्षभर पाहावे लागते.

या पाहणीला बेळगाव हे गाव मोठे सोयीचे आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, पश्चिमेला सह्याद्रीचे दाट रान आणि पूर्वेला दख्खनचा उघडा माळ, अशा उंबरठ्यावर ते वसले आहे. त्यामुळे दोन्हीकडचे जीव तेथील घरांच्या आसऱ्याला येतात. शहापूर, अनगोळ, टिळकवाडी या भागांतील जुन्या घरांमागे अजूनही कोठे कोठे परस टिकून आहेत. मध्ये आड, आडाजवळ लिंबू आणि कढीपत्ता, थोड्या अंतरावर पेरू व शेवगा, कुंपणाला जास्वंद, कोपऱ्यात एखादा आंबा किंवा फणस, एवढाच त्यांचा विस्तार. एवढ्याशा जागेत वर्ष कसे उलगडते, ते क्रमाने पाहण्यासारखे आहे.

चैत्र लागण्याच्या सुमारास पहाटे, अजून पुरते उजाडलेले नसते तेव्हा, छपराच्या टोकावरून किंवा शेवग्याच्या शेंड्यावरून एक मधुर शीळ ऐकू येते. हा दयाळ पक्षी. नर काळा-पांढरा व तुकतुकीत, मादी राखी रंगाची, आणि दोघांनाही शेपटी उभारून ठेवण्याची खोड. बांगलादेशाने याला आपला राष्ट्रीय पक्षी मानले आहे. मौज अशी की हाच पक्षी थंडीच्या महिन्यांतही परसात असतो, पण तेव्हा तो केळीखालच्या पाचोळ्यात मुकाट्याने किडे वेचीत फिरतो आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. वसंतात त्याला कंठ फुटतो, कारण ही जागा आपली आहे हे इतर नरांना बजावावयाचे असते आणि मादीला बोलवावयाचे असते. त्याचे घरटे झाडाच्या ढोलीत किंवा जुन्या भिंतीच्या भोकात असते. भिंतीची सर्व भोके लिंपून टाकणाऱ्या घरात दयाळ गातो खरा, पण त्याला संसार मात्र दुसरीकडे थाटावा लागतो.

याच दिवसांत दुपारच्या वेळी कोणीतरी दूरवर तांब्याचे भांडे ठोकीत बसले आहे असा ‘टुक् टुक् टुक्’ असा एकसुरी आवाज सुरू होतो. तो तांबट. चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर तांबडा ठिपका असलेला हा पक्षी आपल्या चोचीने वाळलेल्या किंवा पोकळ फांदीत वाटोळे भोक पाडून घर करतो. शेवग्याचे लाकूड मऊ असल्याने ते त्याला विशेष मानवते. माळी मात्र वाळलेली फांदी दिसली की ती कापून टाकावयास निघतो. जी फांदी वाटेवर किंवा छपरावर पडण्याचे भय नाही, ती तशीच राहू दिली, तर एक-दोन वर्षांत तिचा भाडेकरू आपोआप येतो.

जास्वंदीच्या फुलांवर शिंजीर येतो. अंगठ्याएवढ्या या पक्ष्याची चोच बाकदार व लांब असते. परंतु जास्वंदीचे मोठे फूल त्यालाही पुरे पडत नाही, म्हणून तो पुष्कळदा समोरून न शिरता फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध चोरतो. सकाळी पूजेसाठी फुले तोडताना देठापाशी बारीक चीर दिसली, तर ती या चोराची खूण समजावी. त्याचे लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेले असते आणि त्यावर सालीचे तुकडे व अळ्यांची विष्ठा चिकटविलेली असते. पाहणाऱ्याला ते वाऱ्याने अडकलेल्या कचऱ्यासारखे वाटते. ते तसे वाटावे हाच त्यातील हेतू. घरातील जळमटे झाडताना परसातील सगळी कोळिष्टकेही झाडून टाकणाऱ्या गृहिणीला कल्पना नसते की, त्या धाग्यांवाचून शिंजिराच्या मादीचे बांधकाम अडून राहते.

वैशाख-ज्येष्ठात कोकिळेचे नाव सर्वांच्या तोंडी येते, पण लोक समजतात तसे गाणे मादीचे नसते. ‘कुऊ, कुऊ’ असा चढत जाणारा सूर काळ्या, लाल डोळ्यांच्या नराचा असतो. मादी तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची असून ती ‘किक् किक् किक्’ असा कर्कश आवाज काढते. कोकिळा घरटे बांधीत नाही, ती कावळ्याच्या घरट्यात अंडे घालते. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्याहून बहुधा दोन-चार दिवस आधी उबते आणि पिलू आधीच घास मागू लागते. कावळ्यासारखा चतुर पक्षी अशा रीतीने फसतो, हे पाहून गंमत वाटते. परंतु त्यातून एक गोष्ट ध्यानात येते. आंब्यावरचे कावळ्याचे घरटे काठीने पाडले, तर त्यासोबत कोकिळेचा पुढच्या वर्षीचा स्वरही पाडला जातो. ज्या कावळ्याची भाद्रपदात पान वाढून वाट पाहावयाची, त्याला ज्येष्ठात डोक्यावर चोच मारतो म्हणून हुसकावून लावावयाचे, हा व्यवहार फारसा न्यायाचा नव्हे. पिले उडेपर्यंतच्या त्या दिवसांत झाडाखालून जाताना डोक्यावर छत्री धरली म्हणजे भागते.

उन्हाळ्यात परसाला सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पाणी. त्यासाठी दगडी कुंड्या लागत नाहीत. मातीची एक उथळ परळ, दोन-तीन बोटे पाणी, त्यात पाय टेकावयास एखादा खडा आणि वर थोडी सावली, एवढे पुरते. परळ जमिनीपासून उंच ठेवली म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. पाणी मात्र रोज ओतून नवे भरावे. साचलेल्या पाण्यात डासाच्या अंड्यापासून पंख फुटलेला डास तयार व्हावयास ऊन-पावसाच्या दिवसांत आठ-दहा दिवसही पुरतात. पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी डेंगीचे कारण होऊ नये, ही काळजी घरच्या माणसांनीच घ्यावयाची असते.

मग वळवाचा पाऊस येतो. पहिल्या मोठ्या सरीनंतरच्या संध्याकाळी जमिनीतून पंखांची वाळवी धुरासारखी वर निघते आणि दिव्याभोवती झेपावते. घरची मंडळी दिवे मालवून दारे लावून बसतात, पण बाहेर त्या वेळी मेजवानी चाललेली असते. पाली, भेक, पिंगळा, वटवाघळे आणि उजेड असेतोवर कावळे व साळुंक्या, सर्वजण त्या पंक्तीला बसतात. उडालेल्या हजारो वाळव्यांपैकी फार थोड्या जोड्या पंख टाकून जमिनीत शिरू शकतात. असे झाले नसते, तर घरातील एकही दार-चौकट शिल्लक राहिली नसती.

मृग नक्षत्राच्या आगेमागे ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालताना दिसतात. मराठीत त्यांना मृगाचे किडे म्हणतात आणि इंदूर-ग्वाल्हेरकडची मराठी मुले त्यांना शेजारच्या हिंदी मुलांप्रमाणे बीरबहूटी म्हणतात. त्याचे पाय मोजले तर ते आठ भरतात. म्हणजे हा खरा कीटक नव्हे, तर कोळी आणि विंचू यांचा नातलग होय. वर्षातील बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो आणि पावसाच्या या थोड्या दिवसांतच वर येतो. त्याला वर येण्यासाठी उघडी माती लागते. ज्या परसात फरशी झाली, तेथील मुलांनी मृगाचा किडा पुस्तकातल्या चित्रातच पाहावयाचा.

पावसाळ्यात परसाचा रखवालदार म्हणजे भेक, अर्थात अंगावर खडबडीत फोड असलेला तो मंद चालीचा बेडूक. त्याला हात लावल्याने चामखीळ येते, हा समज निराधार आहे. रात्री न्हाणीघराच्या दिव्याखाली बसून तो किडे-मुंग्या आणि झुरळे गिळतो. शेतातील त्याचे मोठे भाऊबंद एके काळी परदेशी खानावळींसाठी पकडले जात. बेडकांच्या तंगड्यांची ही निर्यात भारत सरकारने १९८७ साली बंद केली. पिकांवरील किडे कोण खातो, हा विचार त्या वेळी झालेल्या चर्चेच्या मुळाशी होता. परसात त्याला राहावयास ओलसर कोपरा, दोन-चार दगड किंवा पालथी पडलेली फुटकी कुंडी पुरते.

पावसाळ्याच्याच दिवसांत वांग्याच्या, पेरूच्या किंवा जास्वंदीच्या पानांत शिंप्याचे घरटे सापडते. हा हिरवट, तांबूस माथ्याचा, शेपटी उभारून चालणारा पक्षी पानाच्या कडांना चोचीने बारीक छिद्रे पाडतो. त्यातून कापसाचा किंवा कोळिष्टकाचा धागा ओवतो. बाहेरच्या टोकाला तो धागा पिंजून फुगतो आणि अडकून बसतो, म्हणून गाठ मारावी लागत नाही. पान देठापासून तुटलेले नसल्याने ते हिरवेच राहते आणि भोवतालच्या पानांत मिसळून जाते. घरटे पाहावयाचे असेल, तर ते दुरून पाहावे. वारंवार पाने उचकटून पाहिल्याने पक्षी घरटे सोडून जातात, किंवा मांजराला त्याचा पत्ता लागतो.

गावाबाहेर, भातशेताजवळ किंवा विहिरीवर वाकलेल्या झाडावर, याच काळात सुगरणीचे खोपे लोंबू लागतात. मराठी भाषेने या पक्ष्याला स्त्रीलिंगी नाव देऊन कौशल्याचे श्रेय मादीच्या पदरात टाकले आहे. विणकाम मात्र नर करतो. या पक्ष्याच्या संसाराचा उलगडा एका घराजवळच्या निरीक्षणातूनच झाला, ही गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १९३० साली बर्लिनहून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन परतलेले सालीम अली मुंबईत आले, तेव्हा त्यांची तेथील नोकरी उरली नव्हती. अलिबागजवळच्या किहीम गावी ते राहावयास गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. पावसाळ्यातील त्या महिन्यांत त्यांनी ती चिकाटीने न्याहाळली. नर अर्धवट घरटे बांधतो, मादी ते तपासते, तिला पसंत पडले की नर ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की तो शेजारी दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी विणू लागतो, हा क्रम त्यांना दिसून आला. पुढच्या वर्षी हे निरीक्षण बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि त्यांची कीर्ती पसरली. या कामाला महागडी यंत्रे लागली नाहीत. एक जागा, एक वही आणि न कंटाळता रोज पाहणारे डोळे, एवढे भांडवल त्याला पुरले.

श्रावण-भाद्रपदात लिंबाच्या कोवळ्या पानांवर पक्ष्याची वाळलेली शीट पडल्यासारखे काही दिसते. नीट पाहिले तर ते हलते. ही लिंबाळी किंवा तिच्या जातभाईंपैकी एखाद्या फुलपाखराची लहान अळी होय. शत्रूने तिला घाण समजून सोडून द्यावे, यासाठी हे सोंग असते. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून एक लालसर दुशिंगी अवयव बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा तिचा प्रवास सुमारे महिनाभरात आटोपतो. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेले मोठे, काळे-निळे ‘ब्ल्यू मॉरमॉन’ तथा राणी पाकोळी हेही लिंबाच्या कुळातील झाडांवरच वाढते आणि बेळगावसारख्या घाटालगतच्या गावांतील बागांत ते दिसते.

येथेच परसाच्या मालकाची खरी परीक्षा होते. लिंबाची पाने कुरतडलेली दिसताच औषध फवारण्याची इच्छा होते. फवारणीने अळ्या मरतात, झाड चकचकीत दिसते. परंतु त्या अळ्यांवर शिंपी, दयाळ, बुलबुल यांची पिले वाढत असतात. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या पिलांना पहिल्या दिवसांत मुख्यतः किडे व अळ्याच भरविते, कारण कोवळ्या जिवाच्या वाढीला तेच अन्न लागते. चिमण्या कमी झाल्याची हळहळ सर्वत्र ऐकू येते. २०१० सालापासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. कौलारू घरे गेल्याने घरट्यांच्या फटी गेल्या, हे एक कारण, आणि परसातून किडे गेल्याने पिलांचा घास गेला, हे दुसरे. मोठ्या झाडाला काही पाने गमावल्याने इजा होत नाही. रोप अगदी लहान असेल, तर अळ्या हलकेच उचलून मोठ्या झाडावर ठेवाव्यात, म्हणजे दोघांचीही सोय होते.

शरद ऋतूत, पाऊस ओसरल्यावर, पिवळसर चतुर थव्याथव्यांनी परसावर घिरट्या घालताना दिसतात. ते खाली बसत नाहीत, हवेतच डास व चिलटे पकडीत असतात. चतुराची ही जात जगभर पसरलेली आहे. मालदीव बेटांवर राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ साली असा निष्कर्ष मांडला की, हे चतुर पावसाळ्यानंतर भारतातून निघून समुद्रावरून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. धुण्याच्या दोरीभोवती भिरभिरणारा हा जीव समुद्र ओलांडावयास निघालेला प्रवासी असू शकतो, हे कळल्यावर त्याच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

याच सुमारास धुण्याच्या दगडाजवळ एक सडपातळ पक्षी उतरतो. पाठ राखी, पोट पिवळसर आणि लांब शेपटी सारखी वरखाली होत असलेली. हा करडा धोबी. हिमालय आणि त्यापलीकडच्या डोंगरी प्रदेशांत, वाहत्या ओढ्यांच्या काठी त्याचा उन्हाळा जातो. थंडी पडू लागताच तो दक्षिणेस येतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत राहतो. विशेष हे की, हिवाळ्यातील मुक्कामाची जागा तो सहसा बदलीत नाही. एखाद्या लहानशा बागेतही तोच पक्षी वर्षामागून वर्षे परत येतो, असे आढळून आले आहे. वाटेत शेकडो गावे, नद्या आणि तळी लागत असताना त्याला आठवण असते ती एका घराच्या सांडपाण्याच्या ओलीची.

हेमंत आणि शिशिर हे परसातील पाहुण्यांचे दिवस. जास्वंदीच्या कुंपणात ‘टक् टक्’ असा खडे आपटल्यासारखा आवाज करणारा आणि क्वचितच दर्शन देणारा वटवट्या उत्तरेकडून आलेला असतो. पांगारा आणि सावर फुलली की मध्य आशियाकडून आलेल्या गुलाबी भोरड्यांचे थवे त्यांवर कलकलाट करतात. गावातील कायमचे रहिवासी सातभाई पाचोळा उलथीत टोळीने हिंडत असतात. त्यांच्या टोळीत एका जोडप्याच्या पिलांना घास भरविण्याचे काम इतरही सभासद करतात, त्यामुळे त्यांना मिळालेले नाव सर्वस्वी सार्थ वाटते.

शिशिरात पाने गळतात आणि पुष्कळ घरांत ती गोळा करून पेटवून देण्याची रीत आहे. त्या धुराने शेजाऱ्यांचे डोळे चुरचुरतात, ही गोष्ट तर झालीच. पण त्या ढिगात कोणकोण असते याचाही विचार व्हावा. गांडुळे, गोमा, कोळी आणि काजव्यांच्या अळ्याही अशा ओलसर पाचोळ्यात व मातीत वाढतात. काजव्याची अळी गोगलगायी खाते, आणि मे-जूनच्या रात्री झाडीत जो प्रकाश लुकलुकतो तो तिच्याच प्रौढ रूपाचा. माघात पाचोळा जाळून ज्येष्ठात काजव्यांची वाट पाहणे व्यर्थ होय. कोपऱ्यात खड्डा करून त्यात पाने टाकली आणि वर थोडी माती पसरली, तर वर्षअखेर झाडांना खतही मिळते.

परसाच्या या वस्तीत सारेच गोजिरवाणे असतात असे नाही. उंदरांमागे धामण येते, कधी नागही येतो. सरपण दारापासून दूर व जमिनीपासून थोडे उंच रचावे, रात्री दिवा घेतल्याशिवाय मागे जाऊ नये, आणि साप दिसल्यास त्याला मारावयास किंवा पकडावयास न धावता जाणत्या माणसाला बोलवावे. साप चावल्यास मंत्र-तंत्रात वेळ न दवडता थेट इस्पितळ गाठावे. पेरू खावयास येणाऱ्या राघूला पिंजऱ्यात घालण्याचा मोहही टाळलाच पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तो गुन्हा ठरतो, आणि पेरूच्या फांदीवरचा राघू पाहणे अधिक आनंदाचे असते.

गावोगावच्या परसात हे वेळापत्रक थोडेफार बदलते. वडोदऱ्यात मोर आणि वानर घरांच्या गच्च्यांवर येतात. इंदूर-ग्वाल्हेरच्या बाजूस पावसाबरोबर आफ्रिकेकडून चातक येतो आणि तेथील थंडीही अधिक कडक असते. गोव्यात पाऊस आधी व अधिक पडतो आणि कुळागराच्या कडेला धनेशाची हाळी ऐकू येते. हैदराबादेत सीताफळीच्या सावलीत आणि खडकांच्या फटींत निराळीच मंडळी नांदतात. नावेही बदलतात. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, तो अशीच विखुरलेली नावे एकत्र करण्यासाठी. घरातील आजी एखाद्या पक्ष्याला ज्या नावाने ओळखते, ते नाव लिहून ठेवण्याजोगे असते.

या साऱ्याचा आनंद घ्यावयास खर्च जवळजवळ नाही. एक वही करावी. त्यात तारीख, वेळ, झाड आणि जीव काय करीत होता, एवढ्या चार गोष्टी लिहाव्यात. नाव ठाऊक नसेल, तर रंग, आकार आणि आवाज लिहावा. वर्ष पुरे झाले की मागील पाने चाळावीत. पहिली कोकिळा कधी बोलली, धोबी कोणत्या दिवशी उतरला, लिंबावर अळ्या केव्हा आल्या, हे दुसऱ्या वर्षाच्या नोंदींशी ताडून पाहता येते. ज्यांना परस नाही, त्यांनी सज्जात कढीपत्त्याची एक कुंडी ठेवावी. फुलपाखरू तिसऱ्या मजल्यावरही तिचा शोध घेते.

राहता राहिला फरशीचा प्रश्न. त्यावर तोडगा निघू शकतो. चालण्यापुरती आणि धुण्याभोवतीची वाट दगडाने बांधून घ्यावी, म्हणजे वृद्धांचे पाय घसरणार नाहीत. उरलेली माती उघडी ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी तीत मुरेल आणि आडाला त्याचा उपयोग होईल. एक कोपरा झाडू न लावता तसाच सोडावा. आणि सर्व जागा बांधून काढण्याचा निर्णय घेण्यापूर्वी, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एक वर्ष तिच्याकडे लक्ष देऊन पाहावे. वर्षाअखेरीस वहीत ज्यांची नावे जमतील, त्यांना उठवावयाचे की राहू द्यावयाचे, हे मग घरच्या मंडळींनी एकत्र बसून ठरवावे.

पुढच्या भाद्रपद-आश्विनात, पाऊस थांबल्यावर एखाद्या सकाळी, हिमालयाकडून निघालेला तो करडा धोबी पुन्हा त्या घरामागे उतरेल आणि शेपटी हलवीत धुण्याच्या दगडाभोवतीची ओल शोधील. गेल्या वर्षीची त्याची जागा तेथे त्याच्यासाठी राखलेली असावी, एवढीच त्याची अपेक्षा असते.